गोदाघाट : काँक्रीटखाली गेलेली कुंडे

नाशिकच्या गोदाघाटावरच्या फरशीचे, पायऱ्यांचे आणि कुंडांचे आजचे वाद २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीपासून सुरू होतात. त्याआधीचे थोडक्यात सांगायचे, तर घाट, सांडवे (नदी ओलांडायचे दगडी बांध) आणि देवळे यांतले बरेचसे बांधकाम अठराव्या शतकातले, काळ्या दगडाचे. पात्रातच ओळीने कुंडे, त्यांना उतरत्या पायऱ्या आणि तळाशी जिवंत झरे. वर गंगापूर धरण झाले आणि गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, पाणी आवर्तनावर, धरणातून सोडतील तेव्हाच, येऊ लागले. पंचवटीतल्या ज्या पाच वडांवरून नाव पडल्याचे सांगतात, त्यांच्यावर आता क्रमांकांच्या पाट्या आहेत.

सिंहस्थासाठी कुंडांच्या परिसरात पात्राच्या तळावर काँक्रीट ओतले गेले. हेतू उघड होता. एका मुहूर्तावर लाखो माणसे पाण्यात उतरणार, तेव्हा खोली सगळीकडे सारखी हवी, पाय घसरायला नको, आणि पर्वणी झाल्यावर गाळ उपसायला यंत्र थेट आत नेता यायला हवे. काही आठवड्यांच्या गर्दीचे हे गणित बरोबरच होते. उरलेल्या बारा वर्षांचे कोणी मांडले नाही. झऱ्यांची तोंडे बुजली, अनेक कुंडे नावापुरती राहिली, आणि धरणातून पाणी सुटले नाही की साचलेल्या पाण्याला हिरवट तवंग येऊ लागला.

२०१६ साली हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, त्यातच गंगापूरचे पाणी जायकवाडीला सोडलेले. एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले आणि भाविकांसाठी टँकरने भरावे लागले. काँक्रीटच्या बाजूचे लोक यात दुष्काळाकडे बोट दाखवतात, आणि दुष्काळ होताच. पण झरे मोकळे असते तर कुंडाचा तळ इतका उघडा पडला नसता, हा विरोधकांचा मुद्दा अजून कोणी नीट खोडलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात पात्रातला दुतोंड्या मारुती डोक्यापर्यंत बुडाला. नाशिककर पूर मोजतात तो याच मूर्तीवर : गुडघा, कंबर, छाती.

तोवर काँक्रीटचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले आणि घाटाच्या सुशोभीकरणाबरोबर काँक्रीट काढण्याचे कामही आराखड्यात शिरले. काही ठिकाणी ते फुटलेही आणि खालचा जुना दगड दिसला. मात्र यंत्राच्या हादऱ्यांनी काठावरच्या देवळांना धोका होईल, अशी हरकत आली. काम कधी सुरू, कधी बंद. याच योजनेत काही जुन्या दगडी पायऱ्या उखडल्या गेल्या, तेव्हा मात्र पुरातत्त्वाची आठवण सर्वांनाच झाली. झिजलेली पायरी काढून तिथे यंत्रावर कापलेला गुळगुळीत दगड बसवणे याला जीर्णोद्धार म्हणणे अवघड आहे. ओल्या पायांना तो जास्त घसरतो, हे वेगळेच.

आता पुढच्या सिंहस्थाची कामे लागली आहेत. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून लोक रस्त्यावर आले. एका झाडाच्या बदल्यात दहा लावू, असे आश्वासन तेव्हा दिले गेले. २०१५ च्या सिंहस्थाआधी रस्ते रुंद करतानाही वृक्षतोडीवरून न्यायालयात जावे लागले होते, आणि तोडता न आलेली झाडे पुढे कित्येक वर्षे गंगापूर रोडच्या मधोमध उभी होती.