लग्नपत्रिकेसाठी जुनी तिकिटे घेताय? आधी भरलेल्या पाकिटाचे वजन करा

तुळशीचे लग्न लागले की आमच्या जुन्या टपाल तिकिटांच्या दुकानात एकच चौकशी सुरू होते : "भाऊ, पाचशे पत्रिका आहेत, स्वस्तात जुनी तिकिटे कितीला बसतील?" त्यावर आम्ही विचारतो, पत्रिका छापून आली का? बहुतेकांची आलेली नसते. वेळ आणि पैसा वाया जातो तो इथेच, म्हणून हे पत्रक.

साध्या टपालाने पाकीट पाठवायला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये लागतात आणि पुढच्या दर 20 ग्रॅमला आणखी 5. हल्लीच्या पत्रिकेत जाड कार्ड, हळदीचा वेगळा कागद, स्वागत समारंभाचा वेगळा, वर लाखेचा शिक्का आणि गोंडा असतो. एवढे सगळे 20 ग्रॅममध्ये क्वचितच बसते. लोक अंदाजाने पाच-पाच रुपयांची तिकिटे नेतात, घरी सगळे बसून चिकटवतात आणि पोस्टाच्या खिडकीवर कळते की दहाची हवी होती. तोवर पाकिटावर जागा उरलेली नसते, तीच तिकिटे आमच्याकडे शिल्लक नसतात आणि चिकटवलेले तिकीट आम्ही परत घेऊ शकत नाही. खिडकी टाळून पेटीत टाकली तर पत्रिका बैरंग होते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पाहुण्यांना भरावे लागतात. व्याह्यांच्या दारात असे घडू नये.

म्हणून भरलेले, बंद केलेले एक नमुना पाकीट आणल्याशिवाय आम्ही पोस्टाची तिकिटे देत नाही. काहींना हा अडवणुकीचा प्रकार वाटतो. पण काटा टेबलावरच ठेवलेला आहे, वजनाचे पैसे घेत नाही आणि कार्ड थोडे पातळ घेतले तर पाच रुपये वाचतील का, तेही तिथेच पाहता येते. छापायला टाकण्याआधी कार्डाचा कोरा नमुना घेऊन आलात तर सर्वांत उत्तम.

दुसरे म्हणजे, पाचशे पत्रिकांना पाचशे कोरी, म्हणजे न वापरलेली, तिकिटे लागत नाहीत. आपल्याकडे भाऊबंद आणि सोयऱ्यांना पत्रिका हातानेच द्यायची असते. पोस्टाने जातात त्या सुरत, मुंबई, पुण्याकडच्या. ती यादी वेगळी काढा. हाताने द्यायच्या पाकिटांवर तिकीट केवळ शोभेचे असते. तिथे शिक्का पडलेली, वापरलेली तिकिटे लावा, ती अगदी स्वस्त पडतात. 15 ऑगस्ट 1949 च्या मालिकेतल्या तीन पैच्या तिकिटावर अजिंठा आहे. जळगावच्या लग्नाला याहून जवळचे चित्र कोणते? 1965 पासून निघालेल्या मालिकेत 50 पैशांवर आंबे आहेत, 10 पैशांवर विजेचे रेल्वे इंजिन (भुसावळची रेल्वेतली मंडळी हे आवर्जून मागतात), आणि 1 रुपयावर पत्र लिहिणाऱ्या स्त्रीचे शिल्प. पत्रिकेसाठी आमच्या मते हे सर्वांत देखणे.

वापरलेले तिकीट पोस्टाच्या पाकिटावर मात्र लावू नका. शिक्का पुसून लावणे हा गुन्हा आहे. आण्यांची तिकिटेही शोभेपुरतीच. महसूल तिकीट, "सर्व्हिस" छापलेले सरकारी तिकीट आणि 1971 चे निर्वासितांच्या मदतीसाठीचे "रेफ्यूजी रिलीफ" तिकीट हेही टपालखर्चात धरले जात नाही. आजोबांच्या पेटीतली तिकिटे असतील तर घेऊन या, आम्ही वेगळी करून देऊ.

पोस्टासाठी आमची पसंती 1979 पासून निघालेल्या शेती-ग्रामविकासाच्या मालिकेला. 1 रुपयावर संकरित कापूस, 2 रुपयांवर हातमाग. दोन हातमाग आणि एक कापूस म्हणजे बरोबर पाच रुपये, आणि कापूसवाल्या खान्देशाला शोभणारी जोडी. तिन्ही तिकिटे उजव्या कोपऱ्यात एका ओळीत बसतात. दहा रुपयांना सहा लागतील, तेव्हा पत्ता थोडा खाली लिहा.

एक रुपयाच्या तिकिटाला जास्त पैसे का, असे विचारले जाते. एकाच चित्राची शंभर-दोनशे कोरी तिकिटे गठ्ठ्यांतून जमवावी लागतात, एकेक पालथे करून पाहावे लागते. खर्च कमी करायचा असेल तर डिंक उडालेली किंवा कडेला पिवळट झालेली कोरी तिकिटे मागा. संग्राहक ती घेत नाहीत म्हणून आम्ही जवळपास छापील किमतीला देतो. पोस्टाला ती चालतात आणि पाकिटावर फरक दिसत नाही.

वैशाखातल्या उन्हात जुनी तिकिटे सुरळीसारखी वळतात. उलटी वाकवून सरळ करू नका, डिंकाबरोबर कागदही तडकतो. रात्रभर जाड वहीत दाबून ठेवा. लावताना ओल्या स्पंजाचा हलका हात पुरे. डिंक नसेल तर कांडीचा गोंद वापरा, पातळ गोंदाने कागद सुरकुततो.

पाकिटे पेटीत न टाकता खिडकीवर द्या आणि शिक्का हाताने मारायची विनंती करा. लाखेचा शिक्का तिकिटाच्या मागे येणार नाही एवढे बघा, नाहीतर ठप्पा उमटत नाही.

एकाच चित्राची शंभरावर तिकिटे हवी असतील तर पत्रिका छापायला टाकतानाच कळवा. जुळवायला वेळ लागतो, आणि मे महिन्यातल्या दाट तिथींना आयत्या वेळी मिळेल तेच घ्यावे लागते.