उंबराचं फूल दिसतं, आणि त्यासाठी मध्यरात्र लागत नाही

उंबराचं फूल मध्यरात्री उमलतं आणि ज्याला दिसतं त्याचं भाग्य उजळतं, असं आजी-पणजीपासून ऐकत आलो. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतो तेही यामुळेच.

पण उंबराला फुलं येतात, भरपूर येतात. चैत्रात खोडाला लगडलेलं एखादं हिरवं उंबर चाकूने चिरून बघा. आतल्या भिंतीला दाटीने चिकटलेले फिकट तंतू, तीच फुलं. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. परागण करते जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशीची चुलत बहीण. टोकाच्या चिमुकल्या भोकातून आत घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात. परागकण पसरून, अंडी घालून ती आतच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर भिंत पोखरून वाट करतात आणि माद्या परागकण घेऊन उडतात. पिकल्या उंबरात दिसतात ते किडे बहुधा यांच्यापैकीच. त्यांना घाण समजू नका, त्या माशीशिवाय उंबरात बी धरत नाही.