सोलापूर आणि सोळा गावे : सारख्या दिसणाऱ्या शब्दांमागचा इतिहास

सोलापूर हे नाव सोळा गावे एकत्र आल्यामुळे पडले, असे शहरात आजही अनेक जण सांगतात. शिलालेख मात्र वेगळी हकीकत देतात. कलचुरी राजांच्या काळातील लेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. बाराव्या शतकातील संतकवी सिद्धरामेश्वरांचे गाव म्हणून कन्नड परंपरेतही ते ‘सोन्नलिगे’ असेच ओळखले जाते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात ते ‘सोनलीपूर’ झालेले दिसते आणि किल्ल्यातील लेखांत ‘सोनलपूर’ व ‘संदलपूर’ अशी रूपे सापडतात. मधला ‘न’ गळून सोलापूर उरले. मराठीतल्या ‘सोळा’मध्ये ‘ळ’ आहे आणि गावाच्या नावात ‘ल’ आहे, एवढी साधी गोष्टही संख्येच्या कथेपुढे सहसा कोणी विचारात घेत नाही. पंढरपूरचा उल्लेख इ.स. १२३७ च्या शिलालेखात ‘पंडरगे’ असा आहे, हे त्याच्या शेजारी ठेवले की सोन्नलगे हे नाव कन्नड वळणाचे आहे याचा अंदाज येतो.

अशी गल्लत सोलापुरात सहज होते, कारण येथे एकाच रस्त्यावर चार भाषा कानावर पडतात. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते. बहमनी आणि आदिलशाही अमलापासून दख्खनी उर्दू रुळलेली आहे. आणि या सर्वांना मराठी येते. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या परंपरेतली भाषा, तर कन्नड आणि तेलुगू द्राविडी कुळातल्या. हा भेद शास्त्रीय पद्धतीने मांडला गेला त्याला फार काळ झालेला नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते मांडले. १८१६ मध्ये मद्रासचे फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी तेलुगू संस्कृतातून निघालेली नसून तिचे नाते तमिळ आणि कन्नडशी आहे हे दाखवले. १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांनी त्यावर सविस्तर तुलनात्मक व्याकरण लिहिले.

या अभ्यासाचा आधार शब्दांच्या दिसण्यावर नव्हता, तर ध्वनिबदलांच्या नियमितपणावर होता. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला, तेलुगूत तो टिकला. म्हणून दुधाला तेलुगूत ‘पालु’ आणि कन्नडमध्ये ‘हालु’, दाताला ‘पन्नु’ आणि ‘हल्लु’, सापाला ‘पामु’ आणि ‘हावु’, वाघाला ‘पुलि’ आणि ‘हुलि’ म्हणतात. वरवर पाहता निराळे वाटणारे हे शब्द सख्खे आहेत. उलट मराठीतले ‘हाल’ आणि कन्नडमधले ‘हालु’ यांचा काहीही संबंध नाही, कारण आपले हाल अरबीतून फारसीमार्गे आले. ‘हल्ली’ची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. मराठीतले ‘हल्ली’ त्याच अरबी ‘हाल’चे, कन्नडमध्ये ‘हल्लि’ म्हणजे भिंतीवरची पाल, आणि ‘ळ’चा उच्चार केला की ‘हळ्ळि’ म्हणजे खेडे. आपली ‘पाल’ तेलुगू दुधासारखी दिसते, पण ती संस्कृत ‘पल्ली’तून आलेली असल्याने तिचे खरे नाते कन्नड ‘हल्लि’शी जुळते.

मंडईत कन्नड भाषक ‘कायि’ म्हणतो तेव्हा तो काही विचारत नसतो. कच्चे फळ किंवा नारळ असा त्याचा अर्थ असतो. तेलुगूतल्या ‘वंकाय’मध्ये, म्हणजे वांग्यात, हाच शब्द आहे. आपला प्रश्नार्थक ‘काय’ आणि देह या अर्थाचा संस्कृत ‘काय’ हे दोन्ही त्याहून स्वतंत्र. तसेच कन्नडमध्ये ‘बायि’ म्हणजे तोंड आणि मराठीत बाई म्हणजे स्त्री. अशा जोड्यांना ‘खोटे मित्र’ हे नाव १९२८ मध्ये दोन फ्रेंच लेखकांनी इंग्रजी आणि फ्रेंच शब्दांविषयी लिहिताना दिले. एका भाषेच्या आतही हे घडते: घराचे ‘दार’ संस्कृत ‘द्वार’पासून आले आणि दुकानदारातला ‘दार’ फारसीतला, धारण करणारा या अर्थाचा. अक्कलकोट आणि भुईकोट यांतला ‘कोट’ म्हणजे तटबंदी. कन्नडमध्ये तो ‘कोटे’ आणि तेलुगूत ‘कोट’ असा आहे. अंगावरचा कोट इंग्रजीतून आला.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र एकाच उगमाच्या शब्दांचे वेगळे होणे. ‘शिक्षा’ हा शब्द संस्कृतात ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा, आणि त्यातून शिकणे. हिंदीने हा अर्थ जपला, म्हणून तेथे शिक्षा विभाग म्हणजे शिक्षण खाते. मराठीत शिक्षण आणि शिक्षक हे शब्द जुन्या अर्थाने राहिले, पण शिक्षा म्हणजे दंड झाला. हा दोष मराठीचा आहे असे मानणाऱ्यांनी कन्नड ‘शिक्षे’ आणि तेलुगू ‘शिक्ष’ हे शब्द पाहावेत. त्यांचाही अर्थ दंडच आहे. ‘संसार’ हिंदीत जग आहे, पण मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत तो घरप्रपंच आहे. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा आणि कन्नड ‘चेष्टे’ म्हणजे खोडी. हिंदी आणि मराठी एकाच कुळातल्या असूनही या संस्कृत शब्दांच्या अर्थात मराठी दक्षिणेच्या बाजूला उभी आहे, कारण शब्दाचा अर्थ ठरतो तो शेजाऱ्यांच्या रोजच्या वापरात, आणि मराठीचा दक्षिणेशी शेजार शतकानुशतकांचा आहे.

सोलापुरी चादरीचे नावही असाच प्रवास करून आले. फारसीत ‘चादर’ म्हणजे स्त्रियांचे अंगभर पांघरायचे वस्त्र आणि तंबूही. येथे येऊन ती अंथरूण-पांघरुणाची झाली.

नात्यांच्या शब्दांबाबत मात्र निर्णय करताना थांबावे लागते. मराठीत ‘ताई’ मोठी बहीण, हिंदीत ताऊची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, बायको आणि कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. हिंदीतली ताई ताऊचे स्त्रीलिंगी रूप आहे, कन्नडमधली तायि तमिळ ‘ताय्’ची बहीण आहे. लहान मुलांच्या तोंडी ‘ता’, ‘मा’, ‘बा’ ही अक्षरे सर्वत्र आधी येतात आणि जगभरच्या भाषांनी त्यांतूनच घरच्या माणसांची नावे घडवली आहेत. त्यामुळे केवळ एवढ्या साम्यावरून मराठीची ताई यांपैकी कोणाची, हे सांगता येत नाही. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ यांचे तसे नाही. थोरला भाऊ आणि थोरली बहीण या अर्थाने हे दोन्ही शब्द कन्नड आणि तेलुगूत रोजच्या वापरात आहेत, आणि तेथूनच ते मराठी घरांत आले.