दारावर टकटक करणारा माणूस नसतो

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘लॉग’ नावाचं एक पान असतं. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. मी पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा पोटात गोळाच आला. अनोळखी इंटरनेट पत्त्यांची लांबलचक रांग, कुणी पोर्ट २३ वर (पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेलं दारच), कुणी २२ वर, कुणी ३३८९ वर येऊन गेलेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नाकारले’. पान पुन्हा उघडेपर्यंत आणखी चार ओळी वाढलेल्या. मी घाबरून राउटरच बंद केला.

त्याची काही गरज नव्हती. माझ्या मागावर कुणीच नव्हतं, ते प्रोग्राम होते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आकडा अफाट वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ हे साधन तयार केलं आणि एकाच संगणकावरून, गिगाबिट वेगाच्या जोडणीवर, हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपून दाखवले. त्यामुळे ‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. टकटक करणाऱ्याला घर कुणाचं आहे हे ठाऊकही नसतं.

मग आपण इतके दिवस वाचलो कसे? घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या जगात राउटरच्या एकाच पत्त्याने वावरतात. आपण काही मागवलं की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर नेमकं त्याच उपकरणाला देतो. न मागवता आलेलं माहितीचं पाकीट कुणाला द्यायचं हे त्याला माहीतच नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. एनएटी नावाची ही सोय मुळात पत्त्यांची टंचाई भागवण्यासाठी निघाली. संरक्षण त्यातून आयतंच मिळालं. (नव्या आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तिथे राउटरची फायरवॉल, म्हणजे न मागवलेलं अडवणारी सोय, चालू आहे ना, हे बघून घ्यावं.)

खरी गोची आतून होते. यूपीएनपी नावाच्या सोयीमुळे कॅमेरा राउटरला परस्पर सांगू शकतो, ‘या पोर्टवर जे येईल ते माझ्याकडे धाड.’ राउटरही ओळखपाळख न विचारता कडी काढतो. आपल्याला पत्ताच नाही! माझ्या मते घरगुती राउटरवर ही सोय बंदच असावी. एखादा गेम कुरकुरला तर तेव्हाचं तेव्हा बघता येतं.

कडी निघाल्यावर काय होतं ते २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने दाखवलं. तिच्याकडे कसलं दिव्य तंत्र नव्हतं, फक्त साठ-एक नावं-पासवर्डांच्या जोड्या होत्या, कारखान्यातून येतात तशाच. ‘अ‍ॅडमिन’ला ‘अ‍ॅडमिन’, ‘रूट’ला ‘१२३४५६’. तेवढ्या भांडवलावर तिने लाखो कॅमेरे, डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारी यंत्रं) आणि राउटर काबीज केले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या डीएनएस कंपनीवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर) मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स अशी बडी संकेतस्थळं अनेकांना उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा काहीच जाणवलं नसेल. चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

मिराई फक्त उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायची, त्यामुळे बंद-चालू केलं की साफ. पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत पुन्हा लागण व्हायची. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी इंटरनेट तोडायचं, मग उपकरण बंद-चालू करायचं, पासवर्ड बदलायचा आणि त्यानंतरच जोडायचं. काही कॅमेऱ्यांत मात्र पासवर्ड आतच कोरलेला होता, मालकाला बदलताच येत नव्हता. असं उपकरण सरळ अडगळीत टाकावं. ज्याचे अपडेट कंपनीने थांबवले त्याचंही तेच.

इथे एक घोळ बरेच जण करतात. वायफायचा पासवर्ड बदलला की राउटरचा बदलला असं समजतात. दोन्ही वेगळे. दुसरा सेटिंगच्या पानाचा, आणि तोच जास्त मोलाचा. त्याच पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरची सेटिंग बदलण्याची सोय, दिसली तर बंद करा. फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्राम) आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर चालू करा.

जोडलेल्या उपकरणांची यादीही तिथेच सापडते. माझ्या यादीत एक नाव काही केल्या ओळखू येईना, नुसती अक्षरं आणि आकडे. घरातली एकेक वस्तू बंद करत गेलो, तरी ते आपलं हजर. शेवटी व्हरांड्यातला दिवा मालवला आणि नाव गायब झालं. वायफायवर चालणारा बल्ब होता तो. आता त्याची रवानगी पाहुण्यांच्या नेटवर्कवर केली आहे. तिथून त्याला इंटरनेट दिसतं, माझा लॅपटॉप दिसत नाही.