यजमान संघाचं जेतेपद ठरलेलंच असतं का?

२०२७चा पुरुष बास्केटबॉल विश्वचषक कतारमध्ये आहे. डेक्कनच्या कट्ट्यावर निकाल आधीच लागलाय: "यजमान आहेत ना, मग काय, घरचंच कार्य!" हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, पण इतिहास वेगळंच सांगतो.

२०२३पर्यंतच्या १९ स्पर्धांत यजमान फक्त तीनदा जिंकले: १९५०ला अर्जेंटिना, १९६३ला ब्राझील आणि १९७०ला युगोस्लाव्हिया. त्यानंतर एकही नाही. २००२ला इंडियानापोलिसमध्ये खुद्द अमेरिका, तीही एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगचे खेळाडू घेऊन, सहावी आली.

२०१९चा चीन तर बघाच. पोलंडविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत एका गुणाची आघाडी, चेंडू हातात. फक्त बाहेरून आत टाकायचा होता. तोच पास चुकला, सामना बरोबरीत सुटून ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेला आणि ७६-७९ असा हातचा गेला. पुढे व्हेनेझुएलानेही हरवलं. आशियातल्या सरस संघाला मिळणारं थेट ऑलिंपिकचं तिकीट इराणने नेलं. तुडुंब भरलेलं स्टेडियम कधीकधी खांद्यावरच बसतं, असं माझं मत.

यजमानाला जागा तरी हमखास मिळते ना? तेही नेहमी नाही. २०२३ला इंडोनेशिया सहयजमान होता, पण त्याच्या संघाला आशिया चषकात पहिल्या आठांत येण्याची अट होती. ती हुकली आणि जकार्तात सामने झाले ते पाहुण्यांचेच.

घरच्या मैदानाचा फायदा खोटा नाही. २०१७ला बेंगळुरूत आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या 'ब' विभागाची अंतिम लढत कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ अशी जिंकली. दोन गुणांच्या फरकात प्रेक्षक कामी येतात. वीसच्या फरकात नाही. कतारची २०२७ची जागा पक्की आहे, तेवढीच.