रिकाम्या बाटलीचे पैसे परत

पेयाची बाटली विकताना किमतीवर थोडी अनामत घ्यायची आणि रिकामी बाटली परत आली की ती परत करायची, एवढंच या योजनेचं तत्त्व. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७१ मध्ये तसा कायदा केला, तो रस्त्याकडेला आणि समुद्रकिनाऱ्यांवर साचणारा कचरा रोखण्यासाठी. कचरा तर कमी होतोच. पण मला या योजनेचं खरं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी: पुनर्वापराच्या कारखान्याला तिच्यामुळे भेसळ नसलेला माल मिळतो.

आधी पैसा कसा फिरतो ते पाहू. पेय बाजारात आणणारी कंपनी प्रत्येक बाटलीमागे अनामत एका मध्यवर्ती संस्थेकडे भरते आणि ती दुकानदाराकडून वसूल करते, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. रिकामी बाटली आली की दुकानदार आपल्या गल्ल्यातून पैसे देतो आणि संस्था ते त्याला भरून देते. बऱ्याच देशांत बाटल्या सांभाळण्याचा मोबदलाही त्याला वेगळा मिळतो. या साखळीत पैसे बुडतात ते फक्त बाटली फेकणाऱ्याचे. फेकलेली बाटलीही मातीमोल होत नाही, कारण ती उचलून आणणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते. जर्मनीत कितीतरी लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांना घाणीत हात घालावा लागत नाही.

बाटली परत घेण्याचं काम आता बऱ्याच ठिकाणी यंत्र करतं. गोल तोंडातून बाटली आत सारली की ती पट्ट्यावर फिरते, कॅमेरा बारकोड वाचतो, आकार आणि वजन नोंदीशी ताडून पाहिलं जातं. आत पेय उरलं असेल तर वजनावरून कळतं. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्यांवर खास शाईने छापलेली खूण असते, ती यंत्र अवरक्त प्रकाशात तपासतं. खात्री पटली की बाटली तिथेच चेपली जाते. जागा वाचते हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीच बाटली दुसऱ्यांदा आणून पैसे मागता येत नाहीत. म्हणूनच घरी बाटली चुरगळून नेली तर यंत्र बहुधा ती नाकारतं: बारकोड वाचता येत नाही.

आता शुद्धतेकडे येऊ. पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पेट या प्लॅस्टिकच्या असतात, झाकणं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची. कारखान्यात बाटल्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात सोडले की पेट पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला बसतं आणि झाकणांचे तुकडे वर तरंगतात. किती सोपी युक्ती! पण पीव्हीसी या आणखी एका प्लॅस्टिकपुढे ती हरते. पीव्हीसीची घनता पेटच्या जवळपास असल्याने तेही बुडतं. पेट वितळतं सुमारे २५० अंश सेल्सिअसला; तोवर पीव्हीसीचं विघटन सुरू होऊन त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतं. या आम्लामुळे पेटच्या लांबलचक रेणुसाखळ्या तुटतात, माल पिवळा आणि ठिसूळ होतो. मिसळीच्या कचऱ्यात असा चुकार तुकडा कुठूनही येऊ शकतो. अनामतीच्या बाटल्यांची मात्र आधीच एकेक करून ओळख पटलेली असते. त्यामुळे बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. नाहीतर तिचा धागा किंवा पट्टी होते आणि पुढचा रस्ता बहुधा बंद. ॲल्युमिनियमच्या डब्यांत फायदा आणखी ठळक आहे: खनिजापासून धातू काढण्यापेक्षा जुना डबा वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. घरोघरचा सुका कचरा उचलणाऱ्यांच्या हातून सगळ्यात चांगला भाव मिळणारा माल निघून जातो. योजना आखताना त्यांचा विचार व्हायलाच हवा.

आणि अनामत किती? इथेच अनेक योजना मार खातात. ओरेगॉनमध्ये ती कित्येक दशकं ५ सेंटच राहिली आणि महागाईने तिचं वजन संपलं. परत येणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांवर घसरलं. परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांखाली राहिलं तर अनामत वाढवायची, अशी तरतूद तिथल्या कायद्यात होती. त्यानुसार एप्रिल २०१७ पासून ती १० सेंट झाली आणि प्रमाण पुन्हा ८० टक्क्यांच्या वर गेलं. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ युरो सेंट अनामत आहे आणि तिथे ९५ टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात.

जी बाटली परत येतच नाही, तिचे पैसे कुणाचे? माझ्या मते योजनेची नियत इथे दिसते. ते पैसे कंपन्यांच्याच हातातल्या मध्यवर्ती संस्थेकडे राहत असतील आणि दुसरं बंधन नसेल, तर बाटल्या कमी परत येण्यातच तिचा फायदा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अशा रकमेचा पाऊण हिस्सा प्रदूषित जागांच्या साफसफाईसारख्या कामांसाठीच्या निधीत जातो आणि पाव दुकानदारांना मिळतो. नॉर्वेत पैसे संस्थेकडेच राहतात, पण तिथे पेयाच्या वेष्टनावर पर्यावरण कर आहे. बाटल्या जितक्या जास्त परत येतील तितका तो कमी होतो आणि ९५ टक्के गाठले की पूर्ण माफ. त्यामुळे परतीचं यंत्र बंद पडलं तर ते लवकर दुरुस्त व्हावं, याची घाई तिथे कंपन्यांनाच असते.