लोकनृत्याची परदेशवारी कशी सुरू झाली

लोककलावंतांचा ग्रुप परदेशी गेला की रंगीत कपडे, ढोल, दीड-दोन तासांचा शो आणि पोस्टरवर 'परंपरेचं जतन' हे ठरलेलंच असतं. आपल्याला याची इतकी सवय झालीय की हे पूर्वापार असंच चालत आलंय असं वाटतं, पण हा प्रकार शंभरेक वर्षांपलीकडचा नाही.

मुळात बरेचसे लोकनाच बघण्यासाठी नव्हतेच, नाचण्यासाठी होते. गोल धरायचा, तोंडं आत, बाहेरच्याकडे पाठ, आणि एकच चाल तासन् तास. आता तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या माणसाला हे दाखवायचं म्हटलं की गोल फोडून रांग करा, तोंडं समोर वळवा, तासाभराचं पाच मिनिटांत बसवा. म्हणजे जतन करायला निघालो तेव्हाच बदलायला सुरुवात झाली.

आपल्याकडचं सुरुवातीचं ठळक नाव नर्तक उदय शंकर. १९२३ला लंडनमध्ये रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोवाबरोबर स्टेजवर ते कृष्ण झाले, तेव्हा नृत्याचं रीतसर शिक्षणही झालेलं नव्हतं. पुढे १९३१पासून पॅरिसहून स्वतःची कंपनी घेऊन युरोप-अमेरिका फिरले, सोबत धाकटा भाऊ रवि, वय दहा-अकरा. पण ते शास्त्रीय, लोक आणि स्वतःचं असं सगळं मिसळून होतं आणि 'हे जसंच्या तसं आहे' असा आव बहुधा कोणी आणतही नव्हतं.

खरा साचा पाडला तो रशियात. इगोर मॉइसेयेव हा मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरचा बॅलेवाला माणूस, त्याने १९३७ला ग्रुप काढला, ठिकठिकाणचे नाच गोळा केले आणि ते ट्रेनिंग घेतलेल्या डान्सर्सवर बसवले, उड्या उंच, रांगा फुटपट्टीने आखल्यासारख्या. शीतयुद्ध चालू असताना जानेवारी १९५८मध्ये अमेरिका-सोव्हिएत सांस्कृतिक करार झाला आणि काही महिन्यांतच हे लोक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये नाचत होते. शेवटी त्यांनी अमेरिकनांचाच व्हर्जिनिया रील नाचून दाखवला, पब्लिक वेडं झालं. राजदूतांना जमेना ते यांनी केलं म्हणा ना.

मग काय, प्रत्येक देशाला असा एक ग्रुप हवा झाला, काहींनी तर आधीच काढले होते. पोलंडचा माझोव्शे १९४८चा, क्रोएशियाचा लाडो १९४९चा, मेक्सिकोत अमालिया एर्नांदेझ यांनी १९५२ला आठ नर्तकांवर सुरुवात केली, फिलिपिन्सचा बायानिहान १९५७चा आणि पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात. फोदेबा केइता यांचा आफ्रिकन बॅले तर पॅरिसमध्ये जन्मला आणि १९५८ला गिनी स्वतंत्र झाल्यावर त्या देशाचा राष्ट्रीय ग्रुप झाला. बऱ्याच ठिकाणी पैसा सरकारचा, म्हणून दाखवायचा चेहरा देशाचा, आणि ज्या गावाचा नाच ते गाव बहुतेक वेळा विमानात नसायचं. मला यातली हीच गोष्ट खटकते, पावलं बदलली त्यापेक्षा जास्त.

हे पुढे थोडं उलटलं. १९६७ला वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने लोकजीवनाचा उत्सव सुरू केला, त्यात मूळ कलाकारालाच बोलवायचं अशी कल्पना होती. १९८५च्या भारत महोत्सवात तिथे आपले बाजीगर, कठपुतळीवाले, गायक पोचले. यातले बरेच दिल्लीतल्या कठपुतळी कॉलनीत राहणारे, म्हणजे तिकडे टाळ्या आणि इकडे झोपडपट्टी. राजस्थानात लोककलेचे अभ्यासक कोमल कोठारींनी लंगा आणि मांगणियार या जमातींच्या गायकांना जगापुढे आणलं. ही मंडळी जजमानाच्या, म्हणजे पिढीजात आश्रयदात्याच्या घरी जन्म-लग्नाला गायची, जजमानाचा हात आखडला तसा परदेश दौऱ्याचा पैसा उपयोगी पडला, त्यामुळे 'कमायचा' हे तंतुवाद्य वाजवणं शिकायला पोरांना काहीतरी कारण उरलं. पण जजमानाच्या घराण्याची स्तुती तिकडच्या स्टेजवर कोणाला कळणार, ती गळते.

लोकमहोत्सवांची आंतरराष्ट्रीय संघटना सिऑफ १९७०ला फ्रान्समध्ये निघाली, तिथे तर ग्रुप मूळ स्वरूपातला, संस्कारित की शैलीबद्ध अशी वर्गवारीच करतात, निदान लपवाछपवी नाही.

मॉइसेयेव २००७मध्ये १०१ वर्षांचे होऊन वारले. ग्रुप अजून दौरे करतो आणि त्यांनी तेव्हा बसवलेले नाच अजून करतो, त्यांचीच आता परंपरा झालीय.